गळाला बांधलेला किडा

ट्राउट मासा जाम नदीत नाही, कन्हानमध्ये नाही आणि पुढे कधी असणारही नाही. त्याला 10 ते 16 अंशांचे पाणी मानवते. 20 च्या वर गेले की त्याचा जीव घुसमटू लागतो. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तरी फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जामसांवलीजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात, पंपघराच्या ओट्यावर ट्राउटची तयारी चालली होती. तयारी करणारा पुतण्या पुण्याला नोकरीत आहे. बघणारे काकाजी जन्मभर कन्हानच्या डोहात गांडूळ लावून गळ टाकत आलेले. बगीच्याचा ताण तोडून पाणी सोडून झाले होते, आंबिया बहाराची फुले लागली होती, हातात तातडीचे काम नव्हते. वादाला एवढी फुरसत पुरते. मी शेजारी. ऐकले ते लिहितो, मधूनमधून माझेही घालतो.

ओट्याच्या कडेला पुतण्याने बोटाएवढा वाईस आवळला होता. त्याच्या चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा गळ. त्या गळाच्या दांडीवर पीस, केस, तार गुंडाळून पाण्यातल्या किड्याचे सोंग उभे करायचे. याला फ्लाय म्हणतात, आणि या कामाला फ्लाय बांधणे.

काकाजी : हे काय करून राहिला बाबू? दोन घंट्यापासून पाहून राहिलो. एवढ्यात माणूस चार एकर निंदून येते.

पुतण्या : 1 मार्चला हिमाचलात ट्राउटची बंदी उठते काकाजी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं पकडायचा नाही, कारण तो थंडीत अंडी घालतो. मला पहिल्याच आठवड्यात तीर्थन नदीवर पोचायचं आहे, कुल्लू जिल्ह्यात, बंजारच्या वर. एकदा उन्हं तापून बर्फ वितळायला लागलं की पाणी गढूळ होतं. मग फ्लाय दिसायचा कोणाला?

काकाजी : म्हणजे आपल्या उलट. आपल्या इथं 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी. पावसात मासोळी धारेला चढते, पोटात अंडे असतात. कायदा आमच्या बुढ्याले माहीत नव्हता, पण चढणीच्या मासोळीले हात लावू देत नव्हता तो. ते ठीक. पण गांडूळ लावायले काय होते तुले? एका मिनिटाचं काम.

पुतण्या : गांडूळ मासा गिळतो. गळ पोटात जातो, मग तो सोडला तरी मरतो. फ्लाय तो चाखून पाहतो, म्हणून गळ बहुतेक ओठाला लागतो. शिवाय मी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो. हात ओले करून धरायचं, म्हणजे अंगावरचा चिकट थर निघत नाही. शक्यतो पाण्याबाहेर काढायचंच नाही. गळ मागे ओढला की मासा मोकळा.

काकाजी : सोडून देतो? मंग पकडतो कायले?

इथे पुतण्याचा हात थांबला. हा प्रश्न त्याला पुण्यातही विचारला जात असणार, पण विचारणारे बहुधा मासे न खाणारे. काकाजी खातात. मंगळवार आणि शनिवार सोडून, कारण जामसांवलीचा आडवा पहुडलेला मारुती त्यांच्या घराण्याचा देव, आणि त्या दोन दिवशी नागपूर-छिंदवाड्याकडून येणाऱ्या गर्दीला त्यांच्याच विहिरीचे पाणी जाते.

काकाजी : माणसाले भूक लागली, त्यानं मासोळी मारली, खाल्ली, हे मले समजते. देवालेही समजत असंल. पण पोट भरलेल्या माणसानं हजार कोस जायचं, मुक्या जिवाच्या तोंडात लोखंड घालून त्याले नाचवायचं, अन् मंग ‘जा बापा, तुले जीवदान दिलं’ म्हणायचं. हे कोणतं पुण्य हाय?

पुतण्या : पुण्य कुठं म्हणतो मी? पण आलेला प्रत्येक माणूस पकडलेला प्रत्येक मासा घेऊन गेला तर तेवढ्याशा नदीत उरणार काय? सोडतो म्हणून नदीत मासा राहतो. आणि मासा राहिला की नदीसाठी भांडणारे लोक राहतात. तीर्थन खोऱ्यात वीजप्रकल्प नकोत असं ठरलं, त्यात तिथल्या ट्राउटचाही वाटा होता.

काकाजी : नदी वाचवायले मासोळीचं तोंड फाडा लागते काय?

या मुद्द्यावर काकाजी एकटे नाहीत, हे मी तिथेच सांगून टाकले. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे. प्राण्याला सबळ कारणाशिवाय त्रास द्यायचा नाही, आणि खाणे हे कारण धरले जाते, करमणूक नाही, असा तो विचार आहे. जर्मनीचा कायदाही याच वाटेने जातो. पुतण्याला हे ठाऊक होते. त्याने मान्य केले, पण पिसे आवरली नाहीत. मला वाटते, या भांडणात त्याच्याकडे पुरे उत्तर नाही आणि तसे ते कोणाकडेही नाही. माशाला दुखते की नाही यावर शास्त्रज्ञांचे खटके उडतच आहेत. मात्र सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. पाणी कोमट असेल आणि मासा फार दमवला असेल तर बरेच नंतर मरतात. थंड पाण्याची, मार्चची घाई त्यासाठीही असावी.

मग वाद पिसांवर आला. पुतण्याच्या डब्यात फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसे होती, परदेशातून पाकिटात आलेली.

काकाजी : मोर बगीच्यात नाचतात, संत्र्याखाली पिसं पडून राहतात, अन् तू विलायती पाखराचं पीस विकत आणून राहिला?

पुतण्या : मोराचंही लागतं काकाजी. जगभर लागतं. फ्लायचं अंग करायला मोराच्या पिसाच्या कडेचे तंतू वापरतात, ओले झाले की हिरवे-तांबूस चमकतात. गळून पडलेलं पीस आपल्याकडे ठेवायला हरकत नाही, देशाबाहेर पाठवायला बंदी आहे.

काकाजी : अन् कोंबड्याचं?

पुतण्या : कोंबड्याशिवाय तर हे शास्त्रच नाही. मानेवरची पिसं गळाभोवती गुंडाळली की त्यांचे केस बाहेर उभे राहतात, त्यावर फ्लाय पाण्यावर तरंगतो. अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांची रीत लिहून ठेवली आहे. गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं बांधायची. आजही तेच. फक्त अमेरिकेत आता लांब, ताठ पिसांसाठी कोंबड्यांच्या वेगळ्या जाती पैदा केल्या आहेत. त्याआधी भारतातून गेलेल्या गावठी कोंबड्यांच्या मानांवर विलायतेतले किती तरी फ्लाय बांधले जात होते.

गावरान कोंबड्याचे नाव निघाल्यावर काकाजी खूश झाले. रविवारचा कोंबडा कापला की मान पुण्याला पाठवीन म्हणाले. पण पिसांच्या या व्यापाराची काळी बाजू मला सांगावीशी वाटली. आपल्या सातपुड्यात, पचमढीच्या बाजूला, राखाडी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट ठिपके असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या साहेबांना सॅमन मासा पकडायला नटवे फ्लाय लागत, आणि त्या फ्लायच्या गालावर हे ठिपके हटकून लावत. माशाला त्याची गरज नव्हती, साहेबाला होती. पिसांसाठी पक्ष्यांची कत्तल इतकी वाढली की 1902 साली खुद्द इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून पिसे आणि कातडी बाहेर नेण्यावर बंदी घातली. वेड मात्र गेले नाही. जून 2009 मध्ये लंडनला संगीत शिकणाऱ्या एका तरुणाने ट्रिंग इथल्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली. तसले जुने, नटवे फ्लाय बांधणाऱ्यांत अशा दुर्मिळ पिसांना मोठा भाव होता. त्या फ्लायने मासे पकडतच नाहीत, चौकटीत लावतात.

काकाजी : म्हणजे मासोळीले नाही, माणसालेच गळ लागला.

पुतण्या हसला आणि म्हणाला, माझा फ्लाय तसा नाही, पाहा तरी.

त्याने बांधला तो फ्लाय फ्रँक सॉयरचा. हा सॉयर इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हॉन नदीचा राखणदार होता. काठ सांभाळायचे, पाणवनस्पती कापायच्या, पाण्यावर नजर ठेवायची, हे त्याचे पोटापाण्याचे काम. मेफ्लाय नावाचे नाजूक कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली, दगडांना धरून काढतात आणि पंख फुटल्यावर दिवस-दोन दिवसांत मरतात. त्या अवस्थेत ते काही खातही नाहीत. ट्राउटचे पोट भरते ते मुख्यतः पाण्याखालच्या पिल्लांवर. सॉयरने त्या पिल्लाचे सोंग केवळ दोन वस्तूंत उभे केले: फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. धागाही नाही. तारेच्या वजनाने फ्लाय चटकन तळाशी जातो. पुतण्याची तार सौंसरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची, कूलरच्या जळक्या पंपातून सोडवलेली. तिचे दोन पदर त्याने गळाच्या दांडीवर घट्ट वळले आणि पुढच्या भागात थोडा उंचवटा केला. मग चार तंतू मागे असे बांधले की त्यांची टोके शेपटीसारखी बाहेर राहिली. उरलेले तंतू तारेला पीळ देऊन पुढे गुंडाळत नेले आणि उंचवट्यावर मागे-पुढे दुमडून तार तोडली. संपला फ्लाय.

काकाजी : पाय कुठं हाय त्याले?

पुतण्या : पाय नाहीत. सॉयरनं बांधलेच नाहीत. पोहताना हा किडा पाय अंगाला आवळून घेतो, हे त्यानं पाण्यात पाहिलं होतं. त्याच्या आधीचे लोक पाय दाखवायला पीस लावायचे, कारण त्यांनी किडा बशीत पाहिला होता.

त्या अख्ख्या दुपारी काकाजी पहिल्यांदा गप्प राहिले. हे उत्तर त्यांना पटले होते, हे मला दिसले. राखणदाराला जे दिसले ते हौशी साहेबाला दिसले नव्हते. सॉयरने हे सारे 1958 साली पुस्तकात लिहिले, तोवर त्याची निम्मी हयात नदीकाठी गेली होती.

पण काकाजी असे सहज सोडणारे नव्हेत.

काकाजी : हा ट्राउट तरी तिथला हाय काय?

पुतण्या : नाही. तपकिरी ट्राउट इंग्रजांनी आणला. काश्मीरसाठी 1899 साली पाठवलेली पहिली खेप वाटेतच गेली, 1900 साली स्कॉटलंडहून आलेली तगली. तिथून 1909 साली कुल्लूत. तिथला मूळचा मासा वेगळा, हिमट्राउट म्हणतात त्याला, पण तो आपल्या रोहूच्या गोतातला.

काकाजी : मंग त्याचं काय झालं?

पुतण्या : बऱ्याच ठिकाणी मागे हटला. ट्राउट त्याची पिल्लं खातो.

हे ऐकून मराठी माणसाने नाक मुरडायचे कारण नाही. आपल्या घरचीही अशीच गोष्ट आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली. धरणांनी वाट अडवलेल्या माशाला त्यांनी पुन्हा लाखो पिल्ले दिली, काम खरोखर मोठे. पण ती पिल्ले दूरच्या नद्यांतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. आज तो अस्तंगत होण्याच्या काठावर आहे, आणि लोणावळ्याकडून आलेला पाहुणा हे त्याचे एक कारण मानले जाते. हेतू चांगला असून नुकसान झाले, एवढेच. मध्य प्रदेशाने 2011 साली नर्मदेचा महसीर राज्यमासा ठरवला. त्याच्यासाठी काम करणाऱ्यांनी कावेरीचा हा धडा समोर ठेवलेला बरा.

काकाजींना मात्र महसीरपेक्षा दुसरीच गोष्ट सलत होती.

काकाजी : तोतलाडोह धरणाचं ऐकलं हाय ना? पेंचचं जंगल राखीव झालं, गावं उठली. त्या आदिवासींच्या 305 घरांले मासोळी मारायचे परवाने दिले, तं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. 1997 साली कोर्टानं परवाने ठेवले, पण फोटोचं कार्ड पाहिजे, ठरलेल्याच वाटेनं जायचं, काठावर विस्तव पेटवायचा नाही, बेटावर जायचं नाही. पोटासाठी मारणाऱ्याले एवढ्या अटी. अन् तुझ्यासारखा रॉड घेऊन गेला तं त्याले म्हणते निसर्गप्रेमी!

पुतण्या : परवाना मीही काढतो काकाजी. अटी मलाही आहेत.

काकाजी : तुझी अट मोडली तं दंड. त्याची मोडली तं चूल बंद.

यावर पुतण्या काही बोलला नाही, आणि मला त्याचे न बोलणेच योग्य वाटले. वाघाच्या जंगलात मासेमारीला मोकळे रान द्यावे, असे मी म्हणत नाही. कोर्टापुढचा पेच खरा होता. पण छंदाच्या मासेमारीला संवर्धनाचे नाव लावणाऱ्यांनी तोतलाडोहचा निकाल एकदा वाचावा.

ऊन कलल्यावर तिघे नदीवर गेलो. जाम नदीचा दगड जगाला माहीत आहे तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे. त्याच दगडाच्या खालच्या बाजूला कोण राहते, हे बघायला कोणी वाकत नाही. पाणी कमी झाले होते, पण रपट्याच्या वर एक पातळ धार खळखळत होती. पुतण्याने धारेतला एक दगड उलटा केला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या, सुतळीएवढ्या जाड नळ्या होत्या. प्रत्येक नळीत एक अळी, ही कॅडिस. शेजारून चपटा, तीन शेपट्यांचा एक किडा खेकड्यासारखा तिरपा पळाला. मेफ्लायचे पिल्लू. पुतण्याने डब्यातला फ्लाय त्याच्याजवळ धरला. आकार जवळपास जुळत होता, रंग मुळीच नाही. इथला किडा दगडाच्या रंगाचा, काळसर, सॉयरचा तांबूस.

काकाजी : याचे मोठे झालेले मी दरसाल पाहातो.

पुतण्या : कुठं?

काकाजी : पंपघराच्या दिव्यावर. उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी थव्यानं येतात, लांब शेपटीचे, सकाळी ओट्यावर मेलेल्यांचा खच पडते. त्या रात्री डोहात मासोळी वरवर उसळते, अन् गांडुळाले तोंड नाही लावत. म्हणून त्या दिवशी मी गळ घेऊन जातच नाही.

पुतण्या त्यांच्याकडे पाहातच राहिला. जी घटका गाठण्यासाठी फ्लायवाले परदेशात महिनोन्महिने टिपणे ठेवतात, ती काकाजींना पाठ होती. त्यांच्या लेखी तो फक्त मासे न मिळण्याचा दिवस होता.

पुतण्या : कोणत्या महिन्यात येतात? पावसाच्या किती आधी?

काकाजी : आता ते कोण लिहून ठेवते बापा. पण यंदा पाहीन.

माझे मत विचाराल तर पकडून सोडण्याच्या वादात मी काकाजींच्या बाजूचा. गरज नसताना त्रास द्यायचा आणि वर कौतुक मागायचे, हे मला पटत नाही. पण फ्लाय बांधण्याची विद्या मला पुतण्याकडून घ्यावीशी वाटते, आणि ती घ्यायला एकही मासा पकडावा लागत नाही. किड्याचे सोंग करायला किडा पाहावा लागतो. त्याला किती शेपट्या, तो पोहतो की सरपटतो, कोणत्या महिन्यात पंख काढतो, हे माहीत करून घ्यावे लागते. मेफ्लाय आणि कॅडिस यांना वाहते, प्राणवायू भरपूर असलेले पाणी लागते. सांडपाणी वाढले की नदीतून सर्वांत आधी जाणाऱ्यांत ते असतात. त्यांची गणती ठेवणारा माणूस नदीची तब्येत प्रयोगशाळेच्या आधी सांगू शकतो. इंग्लंडच्या नद्यांत आज हौशी मासेमार स्वयंसेवक हीच गणती करतात. आपल्या जाम, कन्हान, वर्धा, वैनगंगेच्या काठी काकाजींसारखी माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच वहीत नाही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या, किंवा कोणत्याही नदीकाठच्या शाळेतल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. पाणी उतरले की मुलांना घेऊन धारेवर जा, सोबत गावातला एखादा म्हातारा गळवाला घ्या, आणि दगडाखाली काय सापडले ते तारखेसह वहीत लिहा. दगड मात्र उचलला तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.